एक्याऐंशी जणींचं माहेर

तिला सगळे काजवाली म्हणत. हे नाव तिला तिच्या पहिल्या कामानं दिलं. अकराव्या वर्षापासून ती मामाच्या शिंपीदुकानात सदऱ्यांना काजं करायची. सदरा शिवणारे पुष्कळ मिळतात, काजाला मात्र वेगळा हात लागतो. धडधाकट कापडाला आधी चीर द्यायची, आणि मग टाक्यामागून टाका घालत त्या चिरेच्या कडा अशा बांधायच्या की चीर तर राहावी, पण कापड उसवू नये. मामा गिऱ्हाइकांना सदरा उलटा करून दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, ह्या पोराचा हात बाईचा आहे." गिऱ्हाइकं ते कौतुक म्हणून ऐकत. ती एकटी ते खरं म्हणून ऐकायची.

सतराव्या वर्षी तिनं ते खरं घरात बोलून दाखवलं. मामानं कात्री खाली ठेवली आणि दुकानाचं उरलेलं काम दुसऱ्याकडे दिलं. बापानं तिला दाराबाहेर काढून आतून कडी घातली. आई खिडकीशी उभी होती. तिनं खिडकी लावून घेतली नाही. तिच्या मायेला तेवढंच करता आलं.

शहरात तिनं आधी कारखान्यात शिलाईच केली. पहिल्या कारखान्यात मुकादमानं विचारलं, तू कुठल्या संडासात जाणार ते आधी सांग. दुसऱ्या कारखान्यात कोणी काही विचारलं नाही, नुसती तिच्या मशीनशेजारची मशीन रिकामी राहू लागली. मग तिच्या समोरची. आठवडाभरात तिच्याभोवती एवढी मोकळी जागा झाली की मालकाला ती परवडेना. तिसरा कारखाना तिनं शोधला नाही. जे काम तिला कोणी नाकारलं नाही, ते तिनं धरलं. बस आगाराच्या मागच्या गल्लीत सहा खोल्यांचं एक लॉज होतं, त्याच्या जिन्यापाशी ती उभी राहू लागली, आणि पाहता पाहता तेवीस वर्षं तिथंच उभी राहिली.

त्या गल्लीत तिच्यासारख्या पुष्कळ होत्या. कोणी उंच, कोणी काळी, कोणाचा आवाज घागरीतून आल्यासारखा. सगळ्यांत वयानं मोठी ती थोरली. आणि काजवालीबरोबर सहा वर्षं एका खोलीत राहिली ती धाकटी. धाकटी तिची रक्ताची कोणी नव्हती. आगाराच्या बाकावर तापानं फणफणलेली सापडली म्हणून काजवालीनं तिला उचलून आणलं होतं, आणि पुढं कोणी विचारलं तर "माझी बहीण" एवढंच सांगायची. धाकटी हसरी होती. पण दोन वर्षांपासून तिच्या छातीत खोकला बसला होता, आणि हसली की तो उठायचा. म्हणून ती हसण्याआधी तोंडावर पदर धरायला शिकली होती.

लॉजच्या मालकाचा नियम सरळ होता. खोकला भिंतीतून ऐकू जातो, ऐकू गेला की गिऱ्हाईक जिन्यावरून परत फिरतं, म्हणून आजारी माणसाला खोली नाही. धाकटीला तो अजून राहू देत होता, कारण काजवाली त्याच्या घरच्यांचे कपडे फुकट शिवून देत होती. "उन्हाळ्यापर्यंत बघ काहीतरी," तो म्हणाला होता. "मी काही वाईट माणूस नाही."

ह्या लोकांची एक भाषा होती. फार शब्द नव्हते तिच्यात, असतील पंधरा-वीस. त्यांतला सगळ्यांत जुना शब्द थोरलीनं काढलेला. कधीकाळी पोलिसांच्या गाडीनं तिला उचललं आणि सहा दिवस कोठडीत ठेवलं. सातव्या दिवशी ती परत आली तेव्हा जिन्यात मालक उभा. पोलिसांची पायरी चढलेल्याला तो खोली देत नसे. त्यानं विचारलं, "कुठं होतीस गं इतके दिवस?" थोरलीनं केस सारखे केले आणि म्हणाली, "माहेरी गेले होते. भाऊ आला होता न्यायला."

वरच्या जिन्यात उभ्या असलेल्या सगळ्या जणी ऐकून हसून हसून खाली बसल्या. तेव्हापासून कोठडी म्हणजे माहेर, हवालदार म्हणजे भाऊ. परत आलेलीला विचारायचं, "काय दिलं गं भावानं?" आणि तिनं सांगायचं, "पाठभर दिलं बाई. वर्षभर पुरेल." शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला की नंतर आलेल्या पोरींना तो थट्टेचा वाटेनासाच झाला. त्यांच्या तोंडी माहेराला दुसरा अर्थच उरला नाही. ज्यांची खरी दारं आतून लागलेली, त्यांनी हा शब्द दुसऱ्या कशासाठी राखून ठेवायचा तरी कशासाठी?

अशात गल्लीत अभ्यासबाई आल्या. खरं नाव त्यांनी सांगितलं होतं, पण ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही. वय पस्तीसच्या आसपास, साध्या चपला, आणि जिन्यावर बसायला सांगितलं तर रुमाल न अंथरता बसल्या. नगरपालिकेच्या दवाखान्यामागं दोन खोल्यांची एक जागा रिकामी पडली होती. तिथं चार खाटा टाकून, ज्यांना आजारपणात कोणी ठेवून घेत नाही त्यांना राहू द्यावं, अशी गोष्ट चालली होती. पण नगरपालिका म्हणत होती, गरज किती आहे ते आधी दाखवा.

"तेच दाखवायचंय," अभ्यासबाई म्हणाल्या. "आणि प्रश्न मी विचारणार नाही. तुमच्यातलीच कोणीतरी विचारेल."

"आमच्यातलीला अक्षर कुठं येतं?" थोरली म्हणाली.

"मला येतं," काजवाली म्हणाली.

तिला तीन दिवस शिकवलं. आगपेटीएवढं ध्वनिमुद्रण यंत्र दिलं, बेचाळीस प्रश्नांचा कागद दिला. अभ्यासबाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "ताई, त्या जे बोलतील ते तसंच्या तसं लिहा. शब्द बदलू नका. तुमचे घालू नका, माझे तर मुळीच नाही. आजपर्यंत तुमच्याबद्दल जे जे लिहिलं गेलं, ते लिहिणाऱ्यांच्या शब्दांत लिहिलं गेलं. ह्या वेळी तसं नको."

काजवालीला हे फार पटलं. त्या संध्याकाळी खोलीत आल्यावर तिनं धाकटीला सांगितलं, "चार खाटा आहेत. खिडकीजवळची तुला."

"आणि तुला?"

"मी कुठं आजारी आहे? मी तुला भेटायला येईन. ऐटीत येईन, पिशवी घेऊन."

"पिशवीत काय?"

"ते आल्यावर कळेल," काजवाली म्हणाली. धाकटीनं पदर तोंडावर धरला.

प्रश्न विचारायची वेळ काजवालीनंच ठरवली. दुपारी दोन ते चार. तेव्हा काम नसतं, आणि त्या वेळी सगळ्या जणी खिडकीच्या उजेडात आरसा धरून चिमट्यानं हनुवटीचे केस उपटत बसलेल्या असतात. माणूस एका हातानं स्वतःला बोचत असला की दुसरीकडे खरं बोलतो, हे तिला ठाऊक होतं. ती समोर बसायची, यंत्र मांडीवर ठेवायची आणि शाळेतल्या मास्तरांसारखा आवाज काढायची.

"प्रश्न पहिला. वय?"

"लिही एकवीस," थोरली म्हणाली.

"थोरले, तुझ्या गुडघ्याचं वय एकसष्ट आहे."

"मग गुडघ्याला विचार की. मला का विचारतेस?"

"प्रश्न चौथा. शिक्षण?"

"पुष्कळ झालं. कागद कोणी दिला नाही."

हे सगळं ती लिहून घ्यायची. तसंच्या तसं. एकोणिसावा प्रश्न होता, 'गेल्या वर्षभरात राहत्या जागेपासून किती दिवस दूर होता? कुठे? कोणाबरोबर?'

"अकरा दिवस," थोरली म्हणाली. चिमटा चालूच होता. "माहेरी. भाऊ आला होता न्यायला, गाडी घेऊन."

काजवालीनं लिहिलं : अकरा दिवस. माहेरी. भाऊ न्यायला आला, गाडी घेऊन.

"प्रश्न तेविसावा. पोलिसांचा त्रास होतो का?"

थोरलीनं मांडीवरच्या यंत्राकडे पाहिलं. "सांगितलं की आत्ताच. अजून किती वेळा सांगू? काही नाही लिही."

काजवालीनं लिहिलं : काही नाही.

एकशे चार जणींना तिनं असे बेचाळीस बेचाळीस प्रश्न विचारले. चार महिने लागले. त्यांतल्या एक्याऐंशी जणी वर्षभरात माहेरी जाऊन आल्या होत्या, आणि तिनं एक्याऐंशी वेळा तो शब्द लिहिला. खाली अर्थ लिहावा असं तिच्या मनात एकदाही आलं नाही. भाताला भात म्हणायचं, भिंतीला भिंत म्हणायचं, तसं ते होतं. पुढं कधीतरी ती म्हणाली, "मी जर शिकलेली असते ना, तर मला शंका आली असती. मी त्यांच्यातली होते, तेच वाईट झालं."

अभ्यासबाईंनी कागद वाचले. त्यांनाही शंका आली नाही, कारण त्यांना आनंद झाला. ह्या माणसांना घरच्यांनी टाकलं आहे असं त्या समजून आल्या होत्या, आणि इथं तर भाऊ गाडी घेऊन न्यायला येत होते. आपला समज चुकीचा निघाला तर प्रामाणिक माणसाला वाईट वाटत नाही, हायसं वाटतं. त्यांना हायसं वाटलं, आणि त्यांनी ते अहवालात लिहिलं.

अहवाल वाचायची सभा नगरपालिकेच्या सभागृहात झाली, सकाळी अकराला. गल्लीतल्या चौदा जणी गेल्या. काजवालीनं धाकटीलाही नेलं, जागा द्यायची तर माणूस डोळ्यांनी दिसलेला बरा म्हणून. त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेत नगरपालिकेची माणसं, दवाखान्याचे डॉक्टर, आणि टोपी मांडीवर ठेवून बसलेले ठाण्याचे साहेब.

अभ्यासबाई वाचू लागल्या. आवाज स्वच्छ होता. "एकशे चार व्यक्तींपैकी एक्याऐंशी व्यक्तींचा माहेराशी नियमित संबंध आहे. वर्षाला सरासरी नऊ दिवस त्या माहेरी राहतात. बहुतेकींना न्यायला भाऊ स्वतः येतो."

शेवटच्या रांगेत आधी कोणीतरी नाकातून हसलं. मग दुसरी. मग चौदाच्या चौदा जणी एकमेकींच्या खांद्यावर कोसळून हसू लागल्या. धाकटी हसली आणि तिचा खोकला उठला. पुढचे लोक मागं वळून कौतुकानं पाहू लागले. कारकुनानं इतिवृत्तात लिहिलं की उपस्थितांनी निष्कर्षांचं आनंदानं स्वागत केलं. ते वाक्य अजून तिथं आहे.

"यावरून," अभ्यासबाई वाचत होत्या, "कौटुंबिक आधार अपेक्षेपेक्षा चांगला असल्याचं दिसतं. पोलिसांच्या त्रासाची तक्रार जवळपास नाही. आरोग्यसेवा वाढवावी अशी आमची जोरदार शिफारस आहे. मात्र स्वतंत्र निवाऱ्याची तातडीची गरज या पाहणीतून पुढे येत नाही."

हसू एकदम थांबलं. दिवा गेल्यावर घर जसं गप्प होतं तसं.

काजवाली उठायला लागली. थोरलीनं तिचा दंड धरला. "बस खाली. साहेब समोर बसलाय."

"थोरले, खोली चाललीये."

"खोली जाईल. पण हा शब्द त्याच्यासमोर फोडलास तर तोही जाईल. तीस वर्षं झाकलंय त्यानं आपल्याला. पुन्हा मिळायचा नाही, सांगून ठेवते."

काजवालीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी खोकला आवरत होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं ते हसण्याचं की कशाचं ते कळत नव्हतं. काजवालीनं दंड सोडवून घेतला.

"बाई," ती उभी राहून म्हणाली, "माहेर म्हणजे माहेर नाही. माहेर म्हणजे कोठडी. भाऊ म्हणजे हवालदार. ते नऊ दिवस आम्ही कोठडीत असतो. आम्हाला न्यायला दुसरं कोणी येत नाही."

अभ्यासबाईंनी हातातला कागद खाली केला, पुन्हा वर घेतला, जणू त्यावर आता दुसरं काही लिहिलेलं असेल. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हसू आलं. साहेब हसत होते. वाईट नव्हतं ते हसू, एखाद्या चांगल्या विनोदाला माणूस दाद देतो तसं होतं.

"भाऊ!" ते शेजाऱ्याला म्हणाले. "काय पण डोकं आहे बघा."

सभा संपल्यावर अभ्यासबाईंनी काजवालीला व्हरांड्यात गाठलं. "ताई, तुम्ही बाजूला अर्थ का नाही लिहिलात?"

"तुम्हीच म्हणालात ना, शब्द बदलू नका."

"हो. म्हणाले." त्यांनी हातातला अहवाल पिशवीत कोंबला. "मी विचारायला हवं होतं. मला इतकं बरं वाटलं होतं ना ते वाचून."

"मग आता बदला."

"मी मागणी करते. आजच करते. पण आकडे मंजूर झालेत, ताई, सह्या झाल्यात. पुढची पाहणी तीन वर्षांनी आहे. त्यात…"

"तीन वर्षं," काजवाली म्हणाली. भिंतीला टेकून बसलेल्या धाकटीकडे तिनं बोट केलं. "हिला तेवढं सांगून ठेवा. थांबेल ती."

अभ्यासबाई खोट्या नव्हत्या. त्यांनी पत्रं लिहिली, चार वेळा नगरपालिकेत गेल्या. दोन महिन्यांनी अहवालात एक चिठ्ठी चिकटवली गेली, बोटभर रुंद : 'पान एकतीस. "माहेर" या शब्दाचा स्थानिक वापरातील अर्थ वेगळा असू शकतो.' असू शकतो, एवढंच. दवाखान्यामागच्या त्या दोन खोल्यांत तोवर मोडक्या खुर्च्या आणि जुनं दप्तर नेऊन टाकलं होतं.

थोरली काजवालीला एका शब्दानं बोलली नाही. सभेनंतर वीसेक दिवसांनी भरदुपारी गाडी गल्लीत आली. हवालदार खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि मोठ्यानं म्हणाला, "चला गं, आवरा! भाऊ आलाय, माहेरी चला." गाडीतले दुसरे दोघे हसले. ते पुढं नेहमीचंच झालं. मालकालाही कळलं, आणि माहेरी जाऊन आलेलीला तो जिन्यातूनच परत पाठवू लागला. शब्द गल्लीतून गेला. कोणी त्याच्या जागी दुसरा काढला नाही. नवा शब्द काढायला चौघी जणींना मिळून हसावं लागतं. आता गाडी येऊन गेली की परत आलेलीला कोणी काही विचारत नसे. ती येऊन आपल्या जागी उभी राहायची.

उन्हाळा लागला. मालकानं धाकटीची वळकटी जिन्यात आणून ठेवली, नीट बांधून. काजवालीनं मिनत्या केल्या, कपडे शिवायचं बंद करीन म्हणाली. तो म्हणाला, "बंद कर. दुकानात शिवून घेईन." धाकटी दिवसा आगाराच्या बाकावर बसू लागली आणि अंधार पडल्यावर, मालक जेवायला गेला की, काजवाली तिला खोलीत घ्यायची. पंधरा दिवस असे निघाले. सोळाव्या दिवशी बाकावर विनाकारण बसते म्हणून गाडीनं धाकटीला उचललं. चार दिवसांनी ती आली तेव्हा चालत आली नाही, दोघींनी धरून आणली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दाखल करा. पुरुषांच्या वॉर्डातली नर्स म्हणाली, इथं कशी ठेवू, बाकीचे पेशंट काय म्हणतील? बायकांच्या वॉर्डातल्या नर्सनंही तेच विचारलं. दोन वॉर्डांच्या मधल्या व्हरांड्यात एक बाक होतं, तिथं तिला सलाइन लावलं. काजवाली बाटली हातात धरून उभी राहिली, कारण बाकाशेजारी अडकवायला खिळा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीनं विचारलं, "ताई, हात दुखला का?"

"नाही गं."

"दुखला असेल," धाकटी म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बाटली अर्धी भरलेली होती.

आठवड्यानं अभ्यासबाई आल्या. खोलीत खाली बसल्या, पुष्कळ वेळ रडल्या. काजवालीनं त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि भीत भीत म्हणाल्या, "तिच्याबद्दल सांगाल का, ताई? तुमची इच्छा असेल तरच. निदान नोंद राहील."

"लिहा," काजवाली म्हणाली. "पण ह्या वेळी मी अर्थासकट सांगते, म्हणजे घोटाळा नको. बाक म्हणजे बाक. लाकडाचं असतं, दोन वॉर्डांच्या मधे. खोली म्हणजे खोली, जी नव्हती. बहीण म्हणजे बहीण." ती थांबली, बाईंचं पेन मागं राहिलं होतं. ते पोहोचेपर्यंत ती खिडकीकडे पाहत राहिली. "आणि मेली म्हणजे मेली. त्यात आमचा वेगळा अर्थ काही नाही. लिहिलंत?"

"लिहिलं," अभ्यासबाई म्हणाल्या.

"मग वाचून दाखवा," काजवाली म्हणाली.